मारक्या बैलाचा मालक

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात सखाहरी नावाचा भोळा माणूस राहायचा. त्याच्याकडे एकच बैल होता आणि तो मारका होता.

एकदा बैल दावं तोडून भिकोबा कुंभाराच्या अंगणात शिरला. वाळत घातलेली सगळी मडकी फुटली.

सखाहरी पंचायतीत म्हणाला, "मी नीट बांधला होता. यात माझी काय चूक?"

सरपंच म्हणाले, "चूक विचारतंय कोण? मारकं जनावर पाळलंस, म्हणजे त्यानं जे मोडलं ते तू भरायचं. आणि असलं धोक्याचं काही असेल तर साखळीनं बांधायचं."

सखाहरीनं आठ दिवस भिकोबाची माती तुडवली. धडाही पाठ केला.

पुढच्या महिन्यात सरपंचांच्या विहिरीचं काम निघालं. सुरुंग पेटवायला त्यांनी सखाहरीला बोलावलं. सखाहरीनं सुरुंग आधी साखळीनं बाभळीला बांधला, मग वात पेटवली. साखळी मास्तरांची कौलं फोडून चुलीपाशी पडली. बाभूळ सापडली नाही.

मास्तर म्हणाले, "विहीर सरपंचांची. कौलं त्यांनी घालून द्यावीत."

"सुरुंग पेटवला कुणी?" सरपंचांनी विचारलं.

"मी," सखाहरी म्हणाला.

"मिटलं. कौलं तू घालायचीस. अरे, लाल निशाण लावावं, शिट्टी मारावी आणि लांब पळावं, एवढंही कळत नाही?"

पंचांनी माना डोलावल्या. पाचही पंच त्याच विहिरीचं पाणी घेणार होते.

कौलं घालून झाल्यावर सखाहरीनं बैल पाण्यावर न्यायला काढला. शिंगाला लाल निशाण बांधलं, शिट्टी मारली आणि लांब पळाला. बैल लग्नाच्या मांडवात पुढून शिरला आणि मागून निघाला. नवरदेव कडुनिंबावर चढला.

सरपंच म्हणाले, "जनावर सोडून पळतोस? मालकानं त्याच्यापासून क्षणभरही हलायचं नसतं. बैल कोंडवाड्यात घाला. तीन दिवसांत मालक सोडवायला आला नाही, तर लिलाव."

बैल कोंडवाड्यात गेला. सखाहरीही त्याच्यासोबत आत गेला आणि तिथून हलला नाही.

तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेर शिपायानं हाळी दिली, "या बैलाचा मालक आलाय का?"

सखाहरीची बायको सोनाबाई फाटकाच्या फटीतून म्हणाली, "अहो, आलोय म्हणा की. एकुलता एक बैल जाईल आपला."

"खोटं कसं बोलू?" सखाहरी म्हणाला. "मी गेलोच नव्हतो, तर येईन कुठून?"

शिपायानं वहीत 'मालक आला नाही' असं लिहिलं आणि बोली सुरू केली. बैलाला एवढी मागणी आहे हे ऐकून सखाहरीची छाती फुगली. तो आतून बैलाचे गुण सांगू लागला.