खवले मांजर आणि सोंगाची लढाई

सागाच्या एका रानात, वारुळांच्या ओळीपलीकडे, एक खवले मांजर एकटंच राहत असे. मुलांनो, नावात मांजर असलं तरी मांजराशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मध्येच कोणीतरी 'ते दूध पितं का' म्हणून विचाराल. हे बिचारं मुंग्या खातं. त्याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत कौलांसारखे एकावर एक कडक खवले असतात, आणि जरा भीती वाटली की ते अंगाचं मुटकुळं करून चेंडूसारखं गोल होतं. आपलं हे खवले मांजर तर जास्तच भिडस्त होतं. कोणी 'काय, कसं काय?' विचारलं तरी ते गोल व्हायचं, आणि उलगडून उत्तर देईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा.

या रानात दरवर्षी थंडी ओसरली की माळावर सोंगाची लढाई व्हायची. एका बाजूला उंबरगडाचं राज्य, दुसऱ्या बाजूला पळसगडाचं. दोन्ही राज्यं खोटी, राजे खोटे, हत्यारंसुद्धा खोटी, म्हणजे बोरूच्या काठीवर सावरीचा कापूस जाड गुंडाळून वर वेली बांधलेल्या. चुरस मात्र अगदी खरी. ज्याने त्याने आपल्याला आवडेल ते सोंग घ्यायचं, कोणी सेनापती, कोणी हेर, कोणी राजवैद्य, आणि दिवस मावळेपर्यंत तसंच वागायचं, तसंच बोलायचं. दिवसात तीन लढाया होत. राजाला वार लागला की ते राज्य हरलं.

आता गंमत ऐका. या लढाईत वार मोजायला कोणीच नसे. ज्याला लागलं त्याने आपणहून 'लागलं' म्हणायचं, पंजा डोक्यावर ठेवायचा आणि जांभळाच्या झाडाखाली जाऊन बसायचं. तिथे सगळे मेलेले शेंगा खात गप्पा मारत बसलेले असत. एक म्हातारा वानर पंच होता खरा, पण तो एकटा साठ जणांकडे कुठे कुठे बघणार? सगळा खेळ ज्याच्या त्याच्या शब्दावर चालायचा. म्हणून नव्या खेळाडूबद्दल त्यांचा एक रिवाज होता. त्याला तिन्ही लढाया खेळू द्यायच्या आणि संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसून ठरवायचं, पुढच्या वर्षी याला बोलवायचं की नाही. बोलवायचं असेल त्याने शेपूट वर करायची. एकदा नाही म्हटलं की मग कायमचं नाही.

चार वर्षं खवले मांजर ही लढाई वारुळाआडून बघत होतं. त्या जांभळाखाली, त्या मेलेल्यांच्या गप्पांत, आपणही एकदा बसावं एवढीच त्याची इच्छा. पाचव्या वर्षी त्याने सगळं बळ एकवटलं आणि ते उंबरगडाच्या बाजूला जाऊन उभं राहिलं.

आणि आलं ते कसं, तर डोक्यावर भोपळ्याचं शिरस्त्राण, छातीवर सालीचं चिलखत, हातात खैराचा हा एवढा सोटा. महिनाभर खपून बनवलं होतं हो सगळं. नाव काय घेतलंस, असं वानराने विचारलं तेव्हा पुटपुटलं, "महासेनानी रणदुंदुभी." आवाज इतका बारीक की वानराला तीनदा विचारावं लागलं. वानराने तो सोटा घेतला, आधी स्वतःच्याच मांडीवर हळूच मारून पाहिला आणि कळवळून बाजूला ठेवून दिला. जो वार आपण स्वतःच्या अंगावर घेणार नाही तो दुसऱ्याला द्यायचा नाही, हा तिथला पहिला नियम.

खवले मांजर एवढंसं झालं. आता ते गोल होणार, तेवढ्यात कासवआजोबा पुढे आले. हे उंबरगडाचे राजवैद्य, म्हणजे सोंगातले. स्वभावाने जरा तिरसट, पण नव्या पोरांना हाताशी धरायचं काम दरवर्षी तेच करायचे. त्यांनी सामाईक ढिगातून एक हलकी काठी काढून दिली. भोपळा काढ म्हणाले, घामाने डोळ्यांवर येईल आणि दिसायचं नाही. चिलखत काढ म्हणाले, पहिल्या वर्षी मागून आणलेल्या सामानावर खेळावं, काय लागतं आणि काय नाही ते कळलं की मग स्वतःचं बनवावं. महासेनानी वगैरे राहू दे, साधा पहारेकरी हो, तेवढं सोंग तुला दिवसभर पेलेल. मानेच्या वर कधी मारायचं नाही. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं. एकट्याने पुढे धावायचं नाही. आणि कोणाला खरंच दुखापत झाली तर 'थांबा' असं ओरडायचं, मग राजा असो की हेर, सगळे जागच्या जागी थांबतात.

खवले मांजराने सगळ्याला मान डोलावली. त्यातलं किती कानात शिरलं, देव जाणे. तुमच्याही वर्गात पहिल्या दिवशी असंच होतं की नाही?

पहिली लढाई सुरू झाली. तुतारी वाजली, पळसगडाचे आरडाओरडा करत आले, आणि आपल्या पहारेकऱ्याने काय करावं? झाला की गोल! मग काय विचारता, येणारा जाणारा त्या चेंडूवर एकेक काठी हाणून पुढे गेला. लढाई संपल्यावर ते हळूच उलगडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हरखून म्हणालं, "मी वाचलो! मला एकही वार लागला नाही!"

पळसगडाकडून एक खार खेळायची. चपळ म्हणजे किती, डोळ्याचं पातं लवायच्या आत चार हात पलीकडे, आणि जीभ पायांहून चपळ. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, की तिच्या एकटीचेच चार वार त्या चेंडूवर बसले होते. दुसऱ्या लढाईत खवले मांजर गोल झालं नाही, धीराने उभं राहिलं, पण तेव्हाही तेच. खारीने पाठीवर वार केला, मान वळवून पाहिलं, आणि हे आपलं खुशाल लढतंय. मग मात्र ती भडकली.

"रड्या आहे हा," ती म्हणाली. "लागलं तरी लागलं म्हणत नाही. संध्याकाळी माझी शेपूट काही वर जायची नाही."

तिच्यामागे आणखी चारपाच जणांनी माना हलवल्या. खवले मांजर खाली मान घालून ओढ्यावर निघून गेलं. तिथे ते रडत होतं, हे मी लपवत नाही. खोटेपणा त्याने एकदाही केला नव्हता. त्याला खरंच काही कळलंच नव्हतं. मऊ कापसाचा वार कडक खवल्यांवर पडला तर कळणार तरी कसा? आणि हे सांगायला जावं तर सगळ्यांना वाटणार, आता सबबी सांगतोय.

कासवआजोबा मागोमाग आले. त्यांना यायला वेळ लागला, तो त्यांना नेहमीच लागतो. त्यांनी आधी त्याला पाणी प्यायला लावलं आणि मग सगळं ऐकून घेतलं.

"अरे, माझ्या पाठीवर डोंगर पडला तरी मला कळत नाही," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी मलाही सगळे रड्याच म्हणाले होते. तेव्हापासून मी एक ठरवलं. काठी जवळून गेली, पाठीवर काही वाजलं, शंका आली, की लागलं म्हणायचं. चारदा फुकट मरतो मी. मरू दे. जांभळाखाली गप्पा छान होतात."

"पण त्याने आपलं राज्य हरलं तर?"

"हरेल. पुढच्या वर्षी परत लढू. पण तुझ्याशी खेळायलाच कोणी आलं नाही, तर तू कोणाशी लढणार?"

तिसरी लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली. एकेक लढाई दोघांनी जिंकलेली, म्हणजे सगळं या एकीवर. उंबरगडाचा राजा होता ससा, आणि राजा झाल्यापासून त्याचा तोरा काही औरच होता. तो दगडांच्या ढिगावर बसला आणि खवले मांजर त्याच्या पुढ्यात पहाऱ्याला. लढाई अशी रंगली की दोन्हीकडचे बहुतेक जण जांभळाखाली जाऊन बसले. शेवटी माळावर उरले तिघंच, ससा राजा, त्याचा पहारेकरी आणि समोर खार, जी या लढाईत पळसगडाचा राजा झाली होती.

खार डावीकडून आली, खवले मांजराने काठी आडवी घातली. उजवीकडून आली, तिथेही अडवलं. सोंगसुद्धा विसरलं नाही बरं का, बारीक आवाजात का होईना, 'राजाला हात लावाल तर खबरदार' असं म्हणत होतं. जांभळाखालचे मेलेले उठून उभे राहिले. मग खारीने झेप घेतली, थेट त्याच्या पाठीवरून पलीकडे. ती दगडावर घसरली, पडली. खवले मांजर वळलं. त्याची काठी तिच्या पोटाशी टेकणार, आणखी वीतभर अंतर उरलेलं. एवढा एक वार बसला की उंबरगड जिंकला, आणि हा रड्या वर्षाचा नायक ठरला.

आणि तेव्हाच त्याला आठवलं, की ती डोक्यावरून गेली तेव्हा पाठीवर काहीतरी खट्कन वाजलं होतं.

काठीच असेल का? कोण सांगणार? जांभळाखालच्यांना एवढ्या लांबून दिसलं नव्हतं. वानर पलीकडच्या बाजूला होता. ससा तर डोळे मिटूनच बसला होता. विचारणारं कोणी नव्हतं. खवले मांजराची काठी क्षणभर तशीच थांबली, मग त्याने ती खाली टाकली आणि पंजा डोक्यावर ठेवला.

"लागलं मला," ते म्हणालं, आणि जांभळाकडे चालू लागलं.

खारीने उठून सशाला काठी टेकवली. तुतारी वाजली. पळसगड जिंकला आणि त्यांनी एकच जल्लोष केला. इकडे ससा तावातावाने त्याच्याकडे आला. हातातोंडाशी आलेला घास घालवलास, असं बरंच काही बोलला. उंबरगडाचे बाकीचेही हिरमुसले होते, कोणी त्याच्याशी बोलेना. खवले मांजर झाडाखाली एका कडेला बसलं. त्याला वाटलं, पळसगडाच्या शेपट्या आधीच गेल्या होत्या, आता आपल्यांच्याही गेल्या.

संध्याकाळी सगळे गोल करून बसले. वानराने नव्या खेळाडूचा विषय काढला, तशी खार उठली. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मी त्याला मारलं नव्हतं," ती म्हणाली. "माझी काठी हुकली होती. पायाने एक खडा उडाला, तो त्याच्या पाठीवर वाजला. त्याने पंजा डोक्यावर ठेवला तेव्हाच मला ते सांगायला हवं होतं. जिंकायच्या नादात मी गप्प बसले. आणि सकाळपासून रड्या मी त्याला म्हणतेय."

वानराने डोकं खाजवलं आणि निकाल दिला, की ज्याने त्याने आपणहून सांगितलेलं बदलत नाही, म्हणून जिंकला तो पळसगडच. पळसगडाच्या कोणाला त्यावर ओरडावंसं वाटलं नाही. मग कासवआजोबांनी खवल्यांची गोष्ट सगळ्यांना सांगितली, आणि असंही ठरलं की इथून पुढे कडक पाठीच्या गड्याला वार केला तर मारणाऱ्याने 'पाठीवर' असं मोठ्याने सांगायचं.

"तर मग," वानर म्हणाला, "याला पुढच्या वर्षी बोलवायचं का?"

सगळ्यात आधी खारीची शेपूट वर गेली, अशी ताठ की बास. मग पळसगडाच्या सगळ्या. मग उंबरगडाच्या. कासवआजोबांची शेपूट आखूड, ती वर झालीय की नाही हे कोणाला कळेना, म्हणून ते तोंडानेच 'वर आहे, वर आहे' म्हणत होते.

खार तेवढ्यावर थांबली नाही. पुढच्या वर्षी या पहारेकऱ्याला पळसगडाकडे द्या, असं ती म्हणाली. तसा ससा टुणकन उठला आणि खवले मांजराच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"तो आमचा आहे," ससा म्हणाला. "आमच्याकडेच राहील."

खवले मांजर लाजलं आणि सगळ्यांच्या मधोमध गोल झालं. या वेळी मात्र कोणी उठून गेलं नाही. ते उलगडेपर्यंत सगळे शेंगा खात वाट बघत बसले.

तात्पर्य : लुटुपुटूच्या लढाईत नव्याने उतरताना शंका आली तर वार लागलाच असं समजावं, डाव हरला तर परत मांडता येतो, पण शब्द खोटा ठरला तर डाव मांडायला सोबती राहत नाहीत.