कुंपणाला पाणी

“आणि गायरान कुठं गेलं?”

उखाबाबांनी विचारलं ते अंगणात उभं राहूनच. नर्मदेच्या काठाकाठानं फिरून म्हातारा बारा वर्षांनी मठीत परतला होता. पाय धुवायला पुढं केलेला तांब्या त्यांनी बाजूला सारला.

तांब्या धरणारा विरमदास. बाबांचा पट्टशिष्य. मागं मठी त्यानंच सांभाळली. अंगानं धिप्पाड, आणि आवाज असा की टेकडीपलीकडच्यानं ओ द्यावी.

“घाणेरीच्या काटेरी झुडपांनी गिळलं, बाबा. ओढ्यापासून मोहाच्या झाडांपर्यंत गवताची काडी उरली नाही. पण मी सोडलं नाही तिला. रोज कोयता घेऊन जातो. हे बघा हात.”

तळव्यांना घट्टे होते. खोटं नव्हतं ते.

“मग?”

“तोडावी तिथं दुप्पट फुटते अवदसा.”

“जाळलीस?”

“जाळली ना. गवत मेलं. ती आली.”



तेवढ्यात सुपडाबाई आली. गावातली, चार गुरांवर घर चालवणारी बाई. हातात दावं. नुसतं दावंच, पुढं जनावर नाही. ते तिनं विरमदासाच्या पायाशी भिरकावलं.

“घ्या महाराज. बांधा तुमच्या खांबाला.”

“बाई, आज बाबा आलेत, जरा तोंड…”

“आलेत तर बरंच झालं. ऐकू दे त्यांनाही! कालवड होती माझी, बाबा. पहिल्या वेताची, गाभण. रानात गवत नाही, पोटात आग. खाल्ला तिनं तो घाणेरीचा पाला. डोळे हळदीगत पिवळे झाले. नाकाचं कातडं सोलून निघालं. ऊन लागलं की हंबरायची. शेवटी गोठ्याच्या अंधारात तोंड खुपसून गेली. पोटातल्या जिवासकट गेली. आणि हे काय म्हणाले, विचारा!”

“काय म्हणाला?”

“म्हणाले, तुझा भोग आहे बाई. मठीमागच्या ओट्याला पाच प्रदक्षिणा घाल.”

“घातल्यास?”

“घातल्या की! अडलेला माणूस काय करत नाही?”

विरमदासाची मान काही वाकली नाही. “मी काय कमी राबतो, बाबा? लोकांना दिसत नाही ते. पहाटे उठून आधी तुमची सेवा करतो, मग रान.”

“माझी सेवा? मी होतो कुठं इथं?”

“या ना, दाखवतो.” त्याचा चेहरा एकदम उजळला.

मठीच्या मागं एक ओटा होता. त्यावर बाबांच्या जुन्या खडावा, शेंदूर लावलेल्या, वर ताजा हार. आणि ओट्याभोवती छातीइतकं उंच कुंपण. हिरवंगार. केशरी-गुलाबी फुलांचे गुच्छ, मधे पिकून काळीभोर झालेली फळं. प्रत्येक बुंध्याशी निगुतीनं केलेलं आळं, अजून ओलं.

“वांग्यांना शेळ्यांपासून आडोसा म्हणून तुम्ही जाताना चार काड्या खोचल्या होत्या,” विरमदास म्हणाला. “वांगी गेली. काड्या मी जगवल्या. ओढा आटला तेव्हा खालच्या विहिरीवरून कावडीनं पाणी आणलं. एक पान वाळू दिलं नाही. गुरूच्या हातचं कुंपण, बाबा! अख्खं गाव पाया पडतं.”

सुपडाबाई जागच्या जागी उभी राहिली. पाया पडणाऱ्यांत तीही होती.

एक बुलबुल कुंपणावर येऊन बसला. चार काळी फळं टिपली, आणि उडाला तो थेट गायरानात, मोहाच्या फांदीवर. त्याच्यामागं दुसरा. त्या मोहाखाली घाणेरी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढलेली. पलीकडच्या मोहाखालीही तशीच.

बाबांची नजर फळांवरून फांदीवर, फांदीवरून खालच्या झुडपांवर गेली.

“विरम्या, हे झाड कुठलं?”

“कुंपण आहे, बाबा.”

“झाड विचारलं मी.”

विरमदास वाकून आळ्यातली माती सारखी करायला लागला.

“बोल की!” बाबा कडाडले. त्यांचा चढलेला आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. ओट्यावरची खारसुद्धा पळाली.

“घाणेरी… पण बाबा, ही ती नव्हे. ही तुमच्या हातची.”

सुपडाबाई हसली. वाईट हसली. “माझ्या कालवडीला सांगायला हवं होतं हो, हे.”

“कुदळ आण,” बाबा म्हणाले.

कुदळ आणायचं सोडून विरमदास कुंपणापुढं आडवा झाला. “आधी माझ्या मानेवर घाला, बाबा! बारा वर्षं मी हिला…”

“मान काय करू घेऊन? सरक.”

“बारा वर्षं, बाबा!”

“तेच म्हणतोय मी. बारा वर्षं!”

कुदळ भिंतीशी होती. बाबांनी स्वतःच घेतली. खाली उकिडवं बसून बुंध्याशी घाव घालायला लागले. म्हातारं हाड, मूळ काही हलेना. घावागणिक तोंडातून शिवी निघत होती. ती घाणेरीला होती, विरमदासाला होती, की चार काड्या खोचणाऱ्या हाताला, हे कुणी विचारलं नाही.

सुपडाबाई पुढं झाली. पदर हाताला गुंडाळून तिनं काटेरी बुंधा धरला. “हं, बाबा. घाला.”

दोघांनी मिळून ओढलं, तेव्हा मूळ निघालं. मातीसकट. बाबांचे हात रक्ताळले होते. त्यांनी त्यावरची काळी फळं एकूणएक ओरबाडून मठीतल्या धुनीत टाकली. मग ते झुडूप उचलून ओट्यावर चढले. हार पायानं लोटला. झुडूप उलटं केलं, शेंडा खाली, मुळं आभाळाकडे, आणि आपल्याच खडावांवर दाणकन आदळलं.

विरमदास ओक्साबोक्शी रडत होता.

बाबा खाली उतरले. अंगणातला तो तांब्या अजून भरलेलाच होता. तो आणून त्यांनी विरमदासाच्या हातात दिला, आणि त्या उलट्या मुळांकडे बोट केलं.

“घाल आता पाणी.”