डोहात चालणारी मंगळी

फार फार पूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका ठाकरवाडीत मंगळी नावाची बाई राहायची. तिच्या पायाला कायम भिंगरी. चूल पेटवून ही रानात, नि शेजारणी तिच्या चुलीला फुंकर घालतायत!

एका वर्षी पावसानं पाठ फिरवली. नाचणी संपली, रानातला भाजीपाला करपला. उरला तो जमिनीतला कडूकंद. आता हा कंद म्हणजे सरळ मामला नव्हे. चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या आणि टोपलीत घालून वाहत्या ओहोळात ठेवायच्या. पाणी वाहील तसा कडूपणा जातो. घाई केली तर ओकाऱ्या होतात, माणूस दगावतोसुद्धा.

पण ओहोळच आटला होता. एक डोह तेवढा राहिला होता, आणि त्यातलं पाणी जागचं हलत नव्हतं. त्यात टोपल्या बुडवल्या, तरी कडूपणा जाईना. भुकेनं वाडी वेडीपिशी झाली. एका म्हाताऱ्याला दम निघाला नाही. त्यानं तसंच खाल्लं आणि दिवस मावळायच्या आत तो गेला.

मंगळीची लेक आंबी काठावर रडत होती. "आये, एकच चकती दे ना गं!"

"न्हाय बाय, अजून कडू हाय."

लेकीचं रडणं मंगळीला ऐकवेना, काठावर बसवेना. ती डोहात उतरली नि टोपल्यांभोवती गोल गोल चालायला लागली. "पानी चालंना, तर मी चालते," म्हणाली.

ती थांबलीच नाही, असं म्हणतात. ऊन चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. लोक काठावरून ओरडले, "अगं, बस की जरा!" पण ती बसली असती तर पाणीही बसलं असतं. हळूहळू पाणी तिच्यामागं वळायला लागलं, मग धावायला लागलं. मासेसुद्धा तिच्यामागं फिरत होते, असं म्हणतात.

शेवटी तिनं चालता चालता एक चकती चाखली आणि हाक मारली, "आंबे, खा गं आता!"

वाडी जेवली. आंबी आईचा वाटा पानात घेऊन धावत आली, तर डोहात कुणीच नव्हतं. पाणी तेवढं फिरत होतं.

अजूनही त्या वाडीत कंद तयार झाले की माणसं पानं घेऊन डोहात उतरतात. पहिला घास कुणी बसून खात नाही, सगळे पाण्यात चालत खातात. पण त्याआधी वाडीतलं सगळ्यात धाकटं लेकरू एक चकती पाण्यात सोडतं आणि म्हणतं, "आये, आता तू खा."