पाखरांनी राखलेली मिरची

तुमच्या पणजीची पणजी पाळण्यात होती, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या खैरवाडीत ठकू नावाची सून आली. माहेर लांब, आई नुकतीच गेलेली. आईनं दिलेलं मिरचीचं बी पदराच्या गाठीला, तेवढंच काय ते तिचं माहेर. तिनं ते परसात लावलं. अश्विन लागला, भोपळ्याचे वेल छपरावर चढले, घेवडा लगडला आणि ठकूच्या मिरच्या अशा लालभडक झाल्या, की वाटेनं जाणाऱ्याला नुसतं बघून ठसका लागायचा, असं म्हणतात.

मग बुलबुल आले आणि मिरच्या मटामटा गिळू लागले. पाखरांना तिखट लागतच नाही, ठाऊक आहे ना? ठकू काही हाकलेना. म्हणायची, "माझ्या माहेरचं यायला आता कोण उरलंय? हेच माझे पाहुणे."

सासू महातापट. तिनं तरातरा बुजगावणं उभं केलं, पण घाईघाईत त्याला नेसवलं ठकूचंच जुनं लुगडं! झालं! पाखरांना वाटलं, ठकूच उभी आहे. सगळी बुजगावण्याच्याच खांद्यावर जाऊन बसली. गाव पोट धरधरून हसलं.

पुढच्या वर्षी मात्र कुणाला हसू येईना. पानं आकसणारा बोकड्या रोग आला आणि गावातलं मिरचीचं एकूण एक रोप गेलं. बी सगळं पेरून झालेलं, मागे दाणा नाही. सासू कडाडली, "आईचं बी पाखरांच्या पोटात घातलंस, आता बस रडत!" ठकू रिकाम्या वाफ्यापाशी बसून ढसाढसा रडली.

अश्विनातल्या एका सकाळी त्याच बुजगावण्याच्या खांद्यावर बुलबुल येऊन बसला. चोचीत लाल मिरची! तो उडाला, तशी ठकू मागे धावली. ओढा ओलांडला, टेकडी चढली, आणि पलीकडे बघते तर काय! पाखरं वस्तीला असत त्या प्रत्येक चिंचेखाली मिरचीची रोपं, लालेलाल. खाल्लेलं बी तिथं पडलं होतं, रुजलं होतं. टेकडी पेटली समजून गाव घागरी घेऊन धावलं, असं म्हणतात. खोटं वाटतं? वाटू दे.

ठकूनं घरोघर बी वाटलं. सासूनं तिला सगळ्यांदेखत पोटाशी धरलं. म्हणाली, "पोरी, चुकलं माझं. तुझं माहेर केवढं मोठं गं!"

आजही खैरवाडीत अश्विनातली पहिली लाल मिरची कुणी तोडत नाही. ती पाखरानं न्यायची, मगच घरात ठेचा. नवी सून आली, की तिच्या माहेरचं बी परसात लावतात. आणि झाडावर बुलबुल बसला, की सासूच आतून हाक मारते, "अगं, ये लवकर, तुझ्या माहेरचे आलेत!"