साळुंक्यांची साक्ष आणि न निजणारी भेरी

एका राज्यात भर दरबारात राजा आणि एक म्हातारी भांडत होती, आणि त्या भांडणाला तिसरा दिवस लागला होता. राजा सिंहासनावरून बोले, म्हातारी खांबाला टेकून बोले. मधल्या चौकात एका आडव्या काठीवर तीन साळुंक्या ओळीने बसल्या होत्या आणि जो बोलेल त्याच्याकडे माना वळवत होत्या. बाहेर मैदानात एकवीस हत्ती झुली घालून उभे होते. बुरुजावर रणभेरी वाजत होती. वाजवणारा कोणी नव्हता. नऊ वर्षं ती आपली आपणच वाजत होती.

राजाचं नाव महीधर. म्हातारीचं नाव भिवरा. राज्याच्या साळुंक्या राखणारी ती.

"ही पाखरं तेव्हा खोटं बोलली, असं तुझंच म्हणणं आहे," राजा म्हणाला. "मग आज ती खरं बोलतात हे दरबाराने कशावरून मानायचं?"

तीन दिवस भांडण फिरून फिरून याच प्रश्नापाशी येत होतं आणि इथे आलं की भिवरा गप्प होत होती. उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर पहिल्या दिवसापासून जिभेवर होतं. ते बाहेर काढलं की तिचं असं जगात काहीच उरणार नव्हतं, म्हणून ती ते आत धरून उभी होती.

त्या राज्याची रीत अशी की राजाच्या मनात आलं म्हणून लढाई होत नसे. सीमेच्या तीन नाक्यांवर तीन साळुंक्या असत. या जातीच्या साळुंकीला मनचं काही बोलता येत नाही. कानावर पडेल ते, ज्या आवाजात पडेल त्याच आवाजात, खोकल्याठसक्यासकट ती बोलते आणि शंभर वर्षं विसरत नाही. पलीकडे कोणी काही कट केला तर पाखरू ऐकून येई. तिन्ही पाखरांनी दरबारात एकच गोष्ट सांगायची. मग राखणारीने तळहातावर जोंधळ्याचे दाणे धरून शपथ घ्यायची: "पाखराने सीमेवर ऐकले, तेच बोलले." पाखरांनी ते दाणे टिपले की भेरी पेटाऱ्यातून निघायची. त्याआधी नाही. राखणारीने खोटं केलं तर शिक्षा एकच. पाखरं बसवायची तिची काठी काढून घ्यायची, आणि तिने पुन्हा जन्मात पाखराला हात लावायचा नाही. भिवराला लेक नव्हती, नवरा नव्हता. आजीची काठी आईकडे आली, आईची तिच्याकडे. काठी हेच तिचं गोत.

नऊ वर्षांपूर्वी प्रधान त्रिविक्रम तिच्या खोपटात आला होता. येताना दोन शिपायांकडून चौरंग आणवला होता, आणि तो तिला म्हणाला, बसा भिवराबाई. चाळीस वर्षं ती दरबारात उभी राहत आली होती. बस असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. ती बसली. तिथेच सगळं गेलं.

प्रधानाने हळू आवाजात समजावलं. डोंगराकडच्या राज्यात एक अग्निपेटी आहे. झाकण उघडलं की आपली शेतं, घरं, गोठे घटकाभरात राख. डोंगरी लोक लबाड, कुजबुजत बोलतात, म्हणून पाखरांना ऐकू येत नाही.

"गोष्ट खरीच आहे, भिवराबाई," तो म्हणाला. "फक्त पाखरांच्या कानावर पडायची राहिली आहे."

मग सात दिवस तिच्या खोपटात पडदा बांधला गेला आणि पडद्याआड एक माणूस डोंगरी हेलात तेच तेच म्हणत बसला. आठव्या दिवशी दरबार भरला. साळुंक्यांनी अग्निपेटी सांगितली, तिघींनी एकाच आवाजात. भिवराने दाणे तळहातावर घेतले आणि शपथ म्हटली. "पाखराने ऐकले, तेच बोलले." सीमेवर हा शब्द तिने गाळला. खोटी शपथ तिच्याने घेववेना, म्हणून तिने अपुरी घेतली, आणि त्यातच तिला आपला मोठा खरेपणा वाटला. दरबारात चारशे माणूस होतं. शपथ सगळ्यांना पाळण्यापासून पाठ. एकानेही म्हटलं नाही की बाई, एक शब्द राहिला. सगळ्यांचे डोळे भेरीच्या पेटाऱ्यावर. सर्वांत जवळ राजा बसला होता. त्याने डोळे वर करून एकदा भिवराकडे पाहिलं, मग मान डोलावली. साळुंक्यांनी दाणे टिपले.

भिवराचा धाकटा भाऊ सुभाना, कुंभारकाम करणारा, पहिल्याच तुकडीत नाव घालून आला. त्याची बायको गोजरा रडून म्हणाली, कशावरून पेटी आहे? तो हसला. अक्काने वाढवलेलं पाखरू आहे ते, म्हणाला, खोटं बोलायचं नाही. भिवरा तिथेच उंबऱ्यावर बसून दाणे पाखडत होती. सुपातून मान वर करून थांब म्हणायला तिला एक श्वास पुरला असता.

लढाई तीन महिने चालली. डोंगरगाव जळालं. कोठारात लोखंडी पेटी सापडली. चाळीस ढाली समोर धरून ती उघडली, तर आत नाचणीचं, वरईचं, राळ्याचं बी. दुष्काळाच्या सालासाठी कडुलिंबाच्या पाल्यात जपून ठेवलेलं. सैन्य जिंकून परत आलं, सुभाना आला नाही. गुढ्या उभारल्या. भेरी पेटाऱ्यात घातली तर ती आत वाजत राहिली. घोंगड्यांत गुंडाळली, विहिरीत बुडवली. विहिरीचं पाणी काठाबाहेर उडू लागलं. शेवटी बुरुजावर ठेवली. त्या राज्यात दही लागेना. माणसं एकमेकांशी ओरडून बोलायला शिकली. पोरं जन्मताच दचकत. साळुंक्या तर विजयाच्याच दिवशी कुठेतरी उडून गेल्या.

आता नवव्या वर्षी प्रधान म्हणू लागला की भेरी भुकेली आहे. खरी अग्निपेटी डोंगरी लोकांनी आधीच नदीकाठच्या राज्यात हलवली होती, तिकडे चला. पाखरं नाहीत तर शपथेची अट कसली? युवराजाने चिलखत शिवायला टाकलं. एकवीस हत्ती आले. गोजराच्या थोरल्याचं नाव यादीत चढलं, आणि त्या दिवशी भिवरा उठली.

भेरीवर कातडं मढवणारा जादूगार दूर एका गुहेत राहत होता. तिने विचारलं, ही निजेल कशाने?

"अर्ध्या शपथेवर उठली आहे," जादूगार म्हणाला. "तिन्ही साळुंक्या दरबारात आण. त्यांनी जे ऐकलं ते सगळं ऐकव. दरबाराने ते खरं मानलं की निजेल. नुसतं ऐकून निजायची नाही."

पहिली साळुंकी जळक्या डोंगरगावात, कोठाराच्या उरल्या भिंतीवर बसली होती. म्हणाली, आये, या राखेतलं मूठभर न जळलेलं बी वेचून दे, मग येते. ही तिन्ही पाखरं त्या अपुऱ्या शपथेच्या दिवसापासून मनचंही बोलू लागली होती. भेरी आपली आपण वाजते, तसंच तेही. भिवरा सात दिवस राख चाळत बसली. डोंगरी बायका पाण्याला जाता येता तिला पाहत. कोण, कुठली, कोणी विचारलं नाही. सातव्या दिवशी मूठ भरली. एका बाईने ती मूठ तिच्या हातून घेतली, पदरात बांधली आणि निघून गेली. साळुंकी काठीवर येऊन बसली.

दुसरी नदीच्या डोहात एका जखिणीपाशी होती, पाण्याच्या पिंजऱ्यात. जखीण म्हणाली, तुझी शीळ दे. भिवराची शीळ अशी की चार कोसांवरचं पाखरू वळून येई. सहाव्या वर्षी आईने शिकवली होती. भिवराने ती एकदा शेवटची घातली, लांबवर, पुरी, आणि देऊन टाकली. नंतर तिच्या ओठांतून नुसता वारा निघे.

तिसरी रणभूमीवर होती. तिथे जो जिथे पडला तिथे एकेक बोरीचं झाड उगवलं होतं, आपल्यांचं आणि त्यांचं, ओळखू येत नव्हतं. एका बोरीवर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, मला काही नको. शेवटचं ऐकलं आहे ते तीनदा ऐकून घे. कानावर हात ठेवायचा नाही.

आणि सुभानाच्या आवाजात, श्वास तुटत असताना, साळुंकी बोलली. "पेटी असणार रे. नीट बघा. अक्काचं पाखरू खोटं बोलायचं नाही."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भिवरा उभी होती. दुसऱ्यांदा ती खाली बसली. तिसऱ्यांदा तिने बोरीचं खोड धरलं, काटे तळहातात शिरले, तरी कान मोकळे ठेवले. मग तिन्ही पाखरं घेऊन ती दरबारात आली.

पहिल्या साळुंकीने पडद्यामागचा माणूस ऐकवला, त्याच्या ढासेसकट. दुसरीने प्रधानाचा आवाज काढला: "पुन्हा म्हण. हेल नीट येऊ दे." दरबार हलला. मग तिसरी बोलली, आणि आवाज राजाचा होता. खोपटाच्या दारात, नऊ वर्षांपूर्वीचा.

"पेटी सापडलीच नाही तर?"

"तोवर आपण जिंकलेलो असू, महाराज," तिने प्रधानाच्या आवाजात उत्तर दिलं.

तेव्हापासून हे भांडण. राजा महीधर दुष्ट नव्हता, हेही सांगायला हवं. नऊ वर्षांत त्याला स्वतःलाच पटत गेलं होतं की आपण फसलो. प्रधानाने सांगितलं, आपण ऐकलं. कोणता राजा प्रजेच्या जिवाशी खेळ करील? हे तो मनापासून म्हणे, ते सोंग नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने भिवराला सोनं देऊ केलं. तिने विचारलं की सोन्याने दही लागतं का. दुसऱ्या दिवशी त्याने तिला वेडी ठरवलं. तिसऱ्या दिवशी तो नुसता तोच प्रश्न विचारत राहिला, आणि प्रश्न बिनतोड होता. एकदा खोटं बोललेल्या पाखरांवर विश्वास कसा ठेवायचा? सरदार माना डोलावू लागले. प्रधान हलकेच हसला आणि म्हणाला, भिवराबाई दमल्या, त्यांना बसायला चौरंग द्या.

चौरंग आला. भिवराने त्याच्याकडे पाहिलं. मग वर सज्जात पाहिलं. तिथे बायकांत गोजरा बसली होती, थोरल्याचं नवं चिलखत मांडीवर घेऊन. नऊ वर्षं गोजरा नणंदेच्या गळ्यात पडून एकच म्हणत आली होती, वन्सं, पाखरंच फितूर झाली हो, तुम्ही काय करणार. भिवराने ते नऊ वर्षं ऐकून घेतलं होतं.

भिवराने पाखरांखालची काठी काढून जमिनीवर आडवी ठेवली. चौरंग पायाने बाजूला सारला. राजाच्या समोर, नऊ वर्षांपूर्वी उभी होती तिथेच, उभी राहिली आणि एक वाक्य बोलली.

वाक्य संपलं आणि बुरुजावरची भेरी ठोका अर्धा असतानाच थांबली. शांतता इतकी मोठी होती की मैदानातल्या हत्तींनी कान हलवले ते दरबारात ऐकू आलं. कोणीतरी शेजाऱ्याशी सवयीने ओरडून बोलायला गेला आणि लाजून थांबला. राजाने मुकुट काढून मांडीवर ठेवला. तो नाही म्हणाला नाही.

पुढे सगळं रीतीप्रमाणे झालं. हत्तींच्या झुली उतरल्या. प्रधानाला सीमेपार घालवलं. महीधराने राज्य लेकाला दिलं आणि नाचणीच्या बियाण्याची पोती आपल्या पाठीवर वाहत डोंगरगावची वाट धरली. तिथल्या लोकांनी पोती घेतली, त्याला पाणी दिलं, क्षमा दिली नाही. शपथ आता राखणारी एकटी घेत नाही. सगळा दरबार तिच्याबरोबर मोठ्याने म्हणतो, म्हणजे शब्द राहायला नको. घरोघरी दही लागलं. साळुंक्यांना पुन्हा मनचं बोलता येईना. बोरी मात्र बोरीच राहिल्या. त्यातला कोणी उठून घरी आला नाही.

काठी गोजराकडे गेली. भिवरा खोपटाबाहेर राहिली, पाखरं दुरून पाहत. गोजरा तिच्याशी त्यानंतर एक शब्द बोलली नाही. पण रोज सकाळी भाकरी तिच्यापुढे ठेवून जाई, आणि भाकरी गरम असे.

भिवराला त्या वाक्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही. ते नऊ वर्षं उशिरा निघालं, याचा मात्र रोज झाला. त्या दिवशी काठी खाली ठेवून, राजाच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली होती:

"पाखरं तेव्हाही ऐकलेलंच बोलली, महाराज, ते त्यांनी सीमेवर ऐकलं नव्हतं हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं."