घंटा कोणासाठी वाजली?

इराणातल्या एका गावात एक जुनी तालीम होती. तिचं दार मुद्दाम इतकं ठेंगणं केलेलं, की केवढाही मोठा पैलवान असो, आत येताना त्याला वाकावंच लागे. मध्ये खोल हौदा आणि दाराशेजारी एक उंच ओटा. ओट्यावर नेमतचाचा तोंबक घेऊन बसत.

तोंबक म्हणजे मोठ्या पेल्याच्या आकाराचा ढोल. एका तोंडावर कातडं ताणलेलं. तो मांडीवर आडवा घ्यायचा आणि बोटांनी वाजवायचा. त्या तालमीत सगळी मेहनत तोंबकाच्या तालावर चाले. जोर मारायचे तालावर, मुद्गल फिरवायचे तालावर, हात पसरून गिरक्या घ्यायच्या त्याही तालावरच. चाचांच्या डोक्यावर एक घंटा टांगलेली होती. नावाजलेला पैलवान दारातून आत आला, की चाचा ती वाजवत आणि सगळे उठून उभे राहत.

गावात ही घंटा एकाच माणसासाठी वाजायची, जहांबख्श पैलवानासाठी. दाढी पिकली तरी त्याच्या गिरक्या बघायला लोक लोटत. “काय हो हा माणूस! वय म्हणून वाढत नाही याचं,” असं म्हणत. जहांबख्शला ते ऐकायला फार आवडे. कोणाला आवडणार नाही?

नवरोजचा सण आला. शेजारच्या शहरातले पैलवान तालमीत पाहुणे येणार होते. गावाची अब्रू जहांबख्शच्या हाती होती. आदल्या दिवशी सराव झाल्यावर तो घाम पुसत ओट्यापाशी आला.

“चाचा, रागावू नका,” तो म्हणाला, “पण तुमचा हात आता म्हातारा झाला. ताल पूर्वीसारखा पळत नाही. उद्या कामरानला बसवू.”

कामरान गावातला तरणा वादक. बोटं अशी चालायची की दिसायची नाहीत.

उत्तर चाचांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळून टाकलं. “असेल बाबा. वय कोणाला चुकलंय?” एवढंच म्हणून त्यांनी तोंबक कामरानच्या हाती दिला. “वाजवण्याआधी कातडं शेगडीवर शेकून घे,” ते त्याला म्हणाले. “आणि स्वतःच्या बोटांकडे बघू नकोस. पैलवानाच्या छातीकडे बघ.”

कामरान हसला. छातीकडे बघून कोणी ताल धरतं का?

दुसऱ्या दिवशी तालीम गच्च भरली. चाचा लोकांत एका कोपऱ्यात बसले. कामराननं डोळे मिटून असा काही तोंबक वाजवला, की पाहुणेही वाहवा करू लागले. जहांबख्शला चेव आला. मुद्गल झाले, मग गिरक्या. तोंबक आणखी धावू लागला, त्याच्यामागे जहांबख्श. एकाएकी हौद्याचा काठ धरून तो मटकन खाली बसला. कामरानला पत्ताच नव्हता. तो आपला वाजवतोच आहे.

धापा टाकत जहांबख्शनं मान वर केली. समोर नेमतचाचा बसले होते. त्यांची बोटं स्वतःच्याच गुडघ्यावर चालली होती, सवयीनं, अगदी संथ. जहांबख्शनं पाहिलं, ती बोटं त्याच्या श्वासाबरोबर चालली होती. छाती श्वासानं फुगली की बोटं थांबत, श्वास सुटला की पुढे जात. आणि त्याला सगळं उमगलं. चाचांचा हात म्हातारा झालाच नव्हता. म्हातारा झाला होता तो जहांबख्श. इतकी वर्षं हा माणूस त्याचा दम ओळखून ताल सैल सोडत होता आणि कोणाला कळू देत नव्हता.

पाहुण्यांतला एक ज्येष्ठ पैलवान भला होता. त्यानं सावरून घेतलं. “वाजवणारा नवखा आहे. ताल चुकला, दुसरं काय!”

कामरानचा चेहरा पांढरा पडला. सगळ्या गावानं मान डोलावली. जहांबख्शनं नुसतं हो म्हटलं असतं, तर त्याचं नाव वाचलं असतं.

तो उठून उभा राहिला. “ताल बरोबर होता,” तो म्हणाला. “दम माझा संपला. तो कधीच संपला होता. तुम्ही ज्याला माझी ताकद म्हणत होता, ती निम्मी या चाचांच्या बोटांत होती. आणि काल मीच त्यांना ओट्यावरून उठवलं.”

जहांबख्श चाचांकडे वळला. त्याचे डोळे भरले होते. “चाचा, जरा बाहेर जाऊन परत आत या.”

“अरे, कशाला?”

“या तर खरं.”

चाचा गोंधळून बाहेर गेले. जहांबख्श ओट्यावर चढला. ठेंगण्या दारातून चाचा वाकून आत आले आणि त्यांच्या डोक्यावर घंटा घणघणली. जन्मभर ते घंटेखाली बसले होते, पण त्यांच्यासाठी ती कधी वाजली नव्हती. पाहुणे उभे राहिले. गाव उभं राहिलं. सर्वांत आधी कामरान उठला आणि त्यानं ओट्यावरची जागा मोकळी केली.

जहांबख्शनं तोंबक उचलला, शेगडीपाशी बसून आपल्या हातांनी कातडं शेकलं आणि चाचांच्या मांडीवर ठेवला. मग तो पुन्हा हौद्यात उतरला. त्या दिवशी त्याच्या गिरक्या अगदी सावकाश झाल्या, आणि त्या बघताना एकही माणूस खाली बसला नाही.

तात्पर्य: जो आपल्याला न बोलता सांभाळून घेतो, त्याचे उपकार आपल्या लवकर ध्यानात येत नाहीत. ज्या दिवशी येतील, त्या दिवशी ते चारचौघांत, मोकळ्या मनानं मान्य करावेत.