महाराजांची ललकारी

"एका कामाला दोन शब्द? इंग्रजांना काय वेड लागलंय?" रायाजीराव महाराजांनी पुस्तक धाडकन मिटलं. "हिअर म्हणजे ऐकणं, लिसन म्हणजेही ऐकणंच! मास्तर, उद्या भर दरबारात फरक दाखवा. आम्हाला पटला तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळा!"

झालं! गद्रे मास्तरांच्या तोंडचं पाणीच पळालं. लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं आणि नोकरी जाणार! बिचारे महालाच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसले.

तेवढ्यात आला तुळाजी चोपदार. महाराज दरबारात शिरले की "शौर्यसागर, समरधुरंधर, प्रजाप्रतिपालक" अशी ललकारी द्यायची, हे त्याचं काम. मास्तरांचं रडगाणं ऐकून तो मिशीत हसला.

"हात्तिच्या! एवढंच ना? उद्या तुम्ही गप बसा. मी बघतो."

"अरे बाबा, तुला इंग्रजीचा गंध तरी आहे का?"

"छे! पण महाराज चांगले ठाऊक आहेत."

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. महाराज येताच तुळाजीनं काठी आपटली आणि रोजच्याच सुरात, रोजच्याच ऐटीत ललकारी ठोकली, "पिठलंसागर, भाकरधुरंधर, ठेचाप्रतिपालक श्रीमंत रायाजीराव महाराज येत आहेत होऽऽ!"

सरदारांचे आ वासले. दिवाणजींना ठसका लागला. मास्तरांनी तर मनातल्या मनात रामरक्षाच सुरू केली. महाराज मात्र मिशीला पीळ देत ऐटीत गादीवर बसले.

"हं मास्तर, दाखवा फरक!"

तुळाजीनं पुढं होऊन मुजरा केला. "मास्तरांच्या वतीनं मी दाखवतो, सरकार. आत्ताची ललकारी ऐकलीत?"

"म्हणजे? आम्ही काय बहिरे आहोत? रोजच ऐकतो!"

"मग तीच पुन्हा देतो. आता जरा कान देऊन ऐकावी."

आणि एकेक शब्द सुटा करत त्यानं ललकारी दिली. 'पिठलंसागर' म्हणताच महाराजांच्या भुवया वर गेल्या. 'भाकरधुरंधर'ला ते ताडकन उठले. 'ठेचाप्रतिपालक'ला हात तलवारीवर गेला!

"तुळ्या! आमची थट्टा?"

"एक शब्द बदललेला नाही, सरकार! हवं तर दरबाराला विचारा. मघाशी हे नुसतं कानावर पडलं, तेव्हा आपला हात मिशीवर होता. ते हिअर! आत्ता कान दिलात आणि हात तलवारीवर गेला. हे लिसन!"

मास्तरांनी डोळे गच्च मिटले. आणि महाराज असे खदाखदा हसले, की फेटा घसरून गादीवर पडला!

"पटलं! अगदी पटलं! मास्तर, नोकरी कायम, आणि लेकीच्या लग्नाचा सगळा खर्च आमचा!" हातातलं सोन्याचं कडं काढून महाराजांनी ते तुळाजीच्या मनगटात चढवलं. "आणि तू रे लबाडा, हे घे!"